ढोलेकाकूंची खरेदी

ढोलेकाकूंना एखादी वस्तू आवडली, असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. अगदीच खूश झाल्या तर ‘चालते’ म्हणायच्या. नवी साडी, चालते. सुनेच्या हातची भाजी, चालते. नवऱ्याच्या वाट्याला मात्र तेवढंही कौतुक कधी आलं नाही.

पांढुर्ण्यात माझं झेरॉक्स आणि छपाईचं छोटं दुकान आहे. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, ढोले मिस्त्रींचं वर्कशॉप. ट्रॅक्टरची इंजिनं उघडणं, ट्रॉल्यांचं वेल्डिंग, संत्र्याच्या बागांत फवारणी करणाऱ्या पंपांची दुरुस्ती अशी कामं तिथं चालत. पाटीवर मालक म्हणून तुळशीरामजी ढोले यांचं नाव होतं. पाटीवर भरोसा ठेवून एखादा नवखा माणूस त्यांना काही विचारायला गेला, तर तुळशीरामजी हातातलं काम न सोडता दाराजवळच्या लोखंडी खुर्चीकडे मानेनं खूण करायचे. त्या खुर्चीत ढोलेकाकू मांडीवर सूप घेऊन तूरडाळ निवडत बसलेल्या असायच्या. डाळीतला खडा आणि माणसातला खोटेपणा त्या एकाच वेळी वेचायच्या आणि दोन्ही सारख्याच तिरस्कारानं बाजूला फेकायच्या.

तुळशीरामजी हाताचे फार गुणी. पण त्यांना एक नाद होता. बाकीच्या पुरुषांना पत्ते, तंबाखू असे सभ्य नाद असतात. यांना अवजारांचा होता. कंपन्यांची रंगीत पुस्तकं घेऊन ते दुपारी जेवणानंतर बसत आणि लोक पोथी वाचतात तसे ग्राइंडर वाचत. जितकी वस्तू महाग, तितका चेहरा भाविक. मग हळूच म्हणायचे, “अवो, हे महाग हाये, पन चांगलं दिसून राह्यलं.”

“महाग हाये म्हनजे चांगलंच असन,” काकू सुपातून मान वर न काढता म्हणायच्या. “माह्या बापानंबी हुंडा मोठाच देला होता. माल कसा निघाला, सारं पांढुर्णा पाहून राह्यलं.”

तुळशीरामजी हसायचे. ते हसणं पाहिलं की माझी खात्री पटायची, की मोठ्या हुंड्यात फसवणूक झालीच असेल तर ती काकूंच्या वडिलांची नव्हती.

मशीन विकणाऱ्यांची काकूंनी जी परीक्षा लावली होती, ती मी माझ्या काउंटरवरून कित्येकदा पाहिली. नागपूरहून एक तरुण आला होता. बूट चकचकीत, भाषा त्याहून चकचकीत. त्यानं ड्रिल मशीन टेबलावर ठेवलं आणि सुरू झाला. मोटर कशी, पकड कशी, गारंटी कशी. शेवटी म्हणाला, “काकू, आता पांढुर्णा जिल्हा झाला. मशीनही जिल्ह्याला शोभेल असं पाहिजे ना?”

“जिल्हा झाल्यानं नटबोल्ट जाड झाले का?” काकूंनी विचारलं.

तो कसनुसा हसला. काकू म्हणाल्या, “बरं, ते राहू द्या. थे मशीन उचला अन् खाली पाडा.”

“पाडू?”

“हो. आमच्या इथी पडनारच हाये. हा गजानन हाये ना, याच्या हातातून भाकरीबी पडते. तुमच्या हातानं पडलेलं एकदा पाहू द्या.”

गजानन हा त्यांचा जुना कारागीर. चाळिशीचा, मिशीवाला, घरी दोन मुलींचा बाप. आपल्या अब्रूचा असा वैज्ञानिक उपयोग होतो याची त्याला सवय होती. तो वेल्डिंग करत राहिला.

तरुणानं मशीन उचललं, छातीशी धरलं आणि पाडायला काही त्याचा हात धजेना. “काकू, हे नाजूक काम असतं,” तो म्हणाला.

“मंग नाजूक लोकाइले विका,” काकू म्हणाल्या आणि त्याला चहा पाजून पाठवून दिला.

काही दिवसांनी दुसरा आला. त्याचं मशीन स्वस्त आणि तो स्वतः घाईत. पाडा म्हटल्याबरोबर त्यानं पाडलं. मशीनचे दोन भाग झाले आणि दोन वेगवेगळ्या दिशांना गेले. काकू खूश झाल्या. “हा मानूस ईमानदार हाये,” म्हणाल्या. त्यालाही चहा मिळाला. त्याचंही काही घेतलं नाही. ड्रिल मशीनवाचून त्या वर्षी वर्कशॉपचं काम जुन्याच खटाऱ्यावर चाललं आणि तुळशीरामजी दर भोकागणिक एक सुस्कारा टाकत राहिले.

काकूंचा सल्ला नेहमीच बरोबर असायचा असं मात्र कुणी समजू नये. मी नवं झेरॉक्स मशीन घ्यायला निघालो तेव्हा त्यांनी मला रस्त्यावरूनच हाक मारली. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्या मला ‘झेरॉक्स’ म्हणायच्या.

“काहो झेरॉक्स, कोनतं घेऊन राह्यले?”

मी दोन मशीनं सांगितली. एक महाग, एक बेताचं.

“महागवालं बिघडलं तर मानूस कोठून येते?”

“इंदूरहून.”

“अन् दुसऱ्याचा?”

“इथलाच आहे, स्टेशनजवळ राहतो.”

“मंग विचार काय करून राह्यले? इंदूरचा मानूस येईपरंत तुमच्या दुकानात लोक हातानं लिहून नकला करतीन.”

मला पटलं. मी बेताचं मशीन घेतलं. स्टेशनजवळचा माणूस खरोखरच बोलावल्याबरोबर यायचा. त्याला इतक्या वेळा बोलवावं लागलं, की पुढं पुढं तो आमच्या घरच्या लग्नाकार्यातही वाढायला असे. मी काकूंकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“येते ना पन?” त्या म्हणाल्या.

“येतो.”

“मंग?”

तुळशीरामजींनी एकदाच चोरी केली. नागपूरला सुटे भाग आणायला गेले आणि येताना टॉर्क पान्हा घेऊन आले. नट ठरलेल्या जोरानं आवळला गेला की हा पान्हा ‘कट्ट’ असा आवाज करतो. त्यापुढं आवळायचं नाही. वस्तू चांगली महाग. त्यांनी ती संत्र्याच्या पिशवीत, संत्र्यांच्या खाली लपवून घरी आणली. आता पांढुर्ण्याचा माणूस नागपूरहून संत्री विकत आणतो म्हटल्यावर कुणालाही संशय येईल. काकूंना तर ते बसमधून उतरतानाच आला.

त्या ओरडल्या नाहीत. दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा झाली, तेव्हा त्यांनी पान्ह्याला वेगळा पाट मांडला, हळदकुंकू लावलं, पुढं पेढा ठेवला. आलेल्यागेलेल्याला सांगायच्या, “हे आमचे पाव्हने. नागपूरचे हायेत. कामाले हात लावत नाही, नुसते बसून असतात.” तुळशीरामजी महिनाभर त्या पान्ह्याला हात लावायलाही लाजले.

शेवटी एका इंजिनाला त्यांनी तो लावलाच. मग दुसऱ्याला. काकू खुर्चीतून ‘कट्ट’ ऐकायच्या आणि डाळ निवडत राहायच्या. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं, हे मला फार उशिरा कळलं. पूर्वी हाताच्या अंदाजानं हेडचे नट आवळलेली काही इंजिनं तेल गळतं म्हणून परत येत. शेतकरी ट्रॅक्टर दारात उभा करून शिव्या देत आणि काकू त्या वाटून घेत: निम्म्या नवऱ्याला, निम्म्या गजाननला. तो हंगाम संपत आला तरी शिव्या वाटायला कुणी आलं नाही. पुढच्या दसऱ्याला पान्हा बाकी अवजारांच्या रांगेत बसला. वेगळा पाट नाही, पेढा नाही. तुळशीरामजी मला म्हणाले, “पास झाला बापा.” काकूंच्या घरात यापेक्षा मोठा सत्कार नव्हता.

चेनपुली मात्र काकूंनी स्वतः घेतली. इंजिन उचलून टांगायची ती साखळीची पुली. जुनी झिजली होती. तुळशीरामजींनी पुस्तकात एक महागातली हेरून ठेवली होती. पानाचा कोपरा दुमडलेला. काकूंनी ते पान पाहिलं, मिटवलं आणि बाजारातून एक बिननावाची आणली.

“लोखंड ते लोखंड,” म्हणाल्या. “इंजिनाच्या गळ्यात काय सोन्याची साखळी घालाची हाये?”

आम्ही सगळे हसलो. तुळशीरामजीही हसले.

ती पुली पाडून पाहायचं कुणाला सुचलं नाही. टांगायची वस्तू पाडून काय कळणार, हाही प्रश्नच होता.

कापूस वेचणीचे दिवस होते, भर दुपार. मी कुणाच्या तरी शेताच्या कागदांच्या नकला काढत होतो. समोरून साखळी धावल्याचा आवाज आला, खळखळखळ, आणि मग जमीन हादरली. मी पळत गेलो. इंजिन खाली आलं होतं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवायला वाकलेल्या तुळशीरामजींचा डावा पाय त्याच्या कडेखाली होता. गजानन पहार घालून इंजिन उचलत होता, मीही लागलो, रस्त्यावरची दोन माणसं लागली. पाय निघाला. त्या पायाचं वर्णन मी इथं करत नाही.

जीपमध्ये काकू मागं बसल्या. नवऱ्याचा पाय पदरात गुंडाळून मांडीवर धरला होता. पांढुर्ण्यापासून नागपूरपर्यंत त्या ड्रायव्हरला एकच शब्द बोलल्या, खड्डा आला की: “हळू.” आणि खड्डे कुठं नव्हते?

पाय वाचला. बोटं वाचली नाहीत आणि घोटा कायमचा आखडला.

दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण पुलीच्या कंपनीला शिव्या घालायचा. ते सोयीचं होतं. कंपनीचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. काकू प्रत्येकाला मधेच थांबवायच्या.

“पुली मी घेतली,” म्हणायच्या.

बस, एवढंच. पुढं रडणं नाही, कपाळ बडवणं नाही. काकूंची बहीण म्हणाली, “असं नको म्हनू वो, नशिबाचं होतं.” काकू म्हणाल्या, “नशिबानं नाही, मी घेतली. ह्यायनं दुसरी दाखवली होती.”

त्यानंतर काकूंचा तिरकसपणा गेला. ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण समोर राहणाऱ्याला विचारा. त्या सगळ्यांशी नीट बोलायला लागल्या. मला माझ्या नावानं हाक मारली, तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की काकूंची तब्येत बिघडलेली दिसते. गजाननच्या हातातून ग्राइंडर पडला आणि त्या म्हणाल्या, “असू दे.” गजानन त्या दिवशी जेवला नाही.

मशीन विकणाऱ्यांना हा सुगावा कसा लागला कोण जाणे. अत्तर लावून येऊ लागले. काकूंचा आता एकच प्रश्न: “याच्यापेक्षा महागवालं नाही का?” असा प्रश्न ऐकण्यासाठी ती माणसं पोटच्या पोराचा वाढदिवस सोडून आली असती. महाग चेनपुली आली, तिचं ठीक होतं. मग महाग कॉम्प्रेसर आला. महाग वेल्डिंग मशीन, महाग पान्ह्यांचा संच, महाग तेलाची पिचकारी. ज्याला पूर्वी मशीन पाडायला सांगितलं होतं तो चकचकीत तरुण परत आला आणि त्याचं नाजूक ड्रिल बिनबोभाट घेतलं गेलं. जाताना त्यानं काकूंच्या पाया पडून आशीर्वाद घेतला.

तुळशीरामजी काठी टेकत पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आले, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. आयुष्यभर ज्या वस्तूंची चित्रं पाहिली, त्या सगळ्या ओळीनं मांडलेल्या. ते दारातच थांबले. एकेका मशीनवर हात फिरवला, पण चेहरा पोथी वाचतानाचा नव्हता. फिरत फिरत कोपऱ्यात गेले. तिथं नवा झाडू होता, लांब दांड्याचा, प्लास्टिकच्या वेष्टनातला.

“अवो,” त्यांनी विचारलं, “हा झाडूबी इंपोर्टेड हाये का?”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आधी त्यांना हसू आलं. मग तोंडाला पदर लावून त्या आत निघून गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तुळशीरामजी लोखंडी खुर्चीत बसून राहिले. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

“ऐक,” तुळशीरामजी म्हणाले. “ज्याच्याखाली मानूस जाते, थे महाग घे. तिथी मी म्हनन तेच घेऊ. बाकी साऱ्याचं तू पाह्य. पहिलेसारखं.”

“पहिलेसारखं म्हनजे?”

“म्हनजे भांडून.”

त्याच आठवड्यात चकचकीत तरुणाला फोन गेला. तो ड्रिल परत न्यायला तयार होईना. गारंटीच्या कागदावर परतीचं कलमच नाही, म्हणाला. काकू म्हणाल्या, “ठीक हाये. मंग तुमीच येऊन पाडून दाखवा. राह्यलं होतं थे.” तो आला आणि ड्रिल गुपचूप घेऊन गेला. कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन मात्र काकूंनी ठेवून घेतलं. “चालते,” म्हणाल्या. मला पुन्हा ‘झेरॉक्स’ अशी हाक आली आणि सगळी गल्ली निर्धास्त झाली.

त्यांच्या बहिणीचा मुलगा प्रशांत नागपुरात इंजिनिअर होऊन सौंसरला परतला आणि त्यानं गाड्यांचं वर्कशॉप काढलं. उद्घाटनाच्या पत्रिका माझ्याकडेच छापल्या, म्हणून मलाही बोलावणं होतं. मी, काकू आणि तुळशीरामजी बसनं गेलो. तुळशीरामजींनी पांढरा सदरा घातला होता. वर्कशॉप म्हणजे काय सांगू! काचेची केबिन, थंडगार वेटिंग रूम, गाडीचं दुखणं सांगणारा कॉम्प्युटर, कॉफीचं मशीन. फरशी इतकी स्वच्छ की तुळशीरामजींनी चपला बाहेर काढल्या. एक पुढारी फीत कापायला आले होते आणि त्यांना अजून दोन ठिकाणी फिती कापायच्या होत्या.

कार्यक्रम असा ठरला होता, की गाडी अधांतरी टेकवायच्या चार लोखंडी घोड्यांवर गाडी उभी करायची, खाली कारागीर झोपून काम करतोय आणि शेजारी पुढारी उभे आहेत, असा फोटो घ्यायचा. गाडी घोड्यांवर चढली. कारागीर खाली शिरायला वाकला.

“थांब रे बापू,” काकू म्हणाल्या.

त्या वाकल्या. घोड्यांचे पातळ पत्र्याचे पाय पाहिले, बोटानं खिळी चाचपली. “प्रशांत, हे कुठून आनले?”

“मावशी, ते साधेच असतात सगळीकडे. त्यात काय पाहायचं?”

“अन् थे कॉफीचं मशीन?”

“ते इटलीचं आहे,” प्रशांत अभिमानानं म्हणाला.

“वा! म्हनजे ज्याची गाडी हाये तो इटलीची कॉफी पिइन. अन् जो गाडीखाली हाये, त्याच्या घरच्याइले कॉफी पाजाले कोन जाईन? तू का?”

प्रशांतचा चेहरा उतरला. बहीण म्हणाली, “शकू, आज तरी...” काकूंनी वेटिंग रूममधली एक गुबगुबीत खुर्ची ओढत आणली, गाडीला लावून ठेवली आणि तीत बसल्या. आता खाली शिरायचं तर त्यांच्या पायांतून शिरावं लागलं असतं.

“काढा फोटो,” म्हणाल्या.

पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि काकूंच्या शेजारी उभे राहून हात जोडले. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो आला. खाली छापलं होतं की उद्घाटन ज्येष्ठ महिला उद्योजिकेच्या उपस्थितीत झालं. उद्योजिकेनं फोटोत कॅमेऱ्याकडे नव्हे, घोड्यांकडे पाहिलं होतं.

परतताना बसमध्ये तुळशीरामजी काकूंच्या शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होते. मधेच म्हणाले, “बरं केलं.” तिरकस उत्तर न देता काकूंनी सोडून दिलेलं हे एकच वाक्य मला आठवतं.

बहीण कित्येक महिने बोलली नाही. प्रशांतनं मात्र घोडे बदलले, जाड आणि चांगले महाग घेतले. “मावशीचं तोंड बंद करायला,” असं तो सांगतो. आधीचे घोडे खरंच मोडले असते का, ते कुणालाच कळलं नाही. भंगारात गेले. प्रशांतच्या मते मावशीनं उगाच तमाशा केला आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं आहे असंही नाही. काकूंना त्याची फिकीर नव्हती. त्या वर्षभर दर शनिवारी सौंसरला जाऊन आधी घोडे पाहायच्या आणि मगच जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायच्या.

परवाच्या थंडीत काकू गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला काही म्हणायची संधी न देता. वर्कशॉप आता गजानन पाहतो.

त्याआधी थोडेच दिवस मी त्यांना जामसांवलीला पाहिलं. शनिवारची सकाळ, गर्दी चांगली. मी बायकोबरोबर दर्शन करून बाहेर पडत होतो आणि ही दोघं मंदिराकडे येत होती. काकू पुढं, तुळशीरामजी काठी टेकत बरेच मागं. काकू बांगड्यांच्या दुकानाशी थांबल्या, भाव विचारला, दुकानदाराला लुटारू ठरवलं आणि नवरा जवळ पोचला तशा पुढं निघाल्या. मग खेळण्यांच्या दुकानाशी थांबल्या. एक प्लास्टिकचा ढोल उलटापालटा करून पाहिला. त्यांच्या घरी ढोल वाजवायच्या वयाचं कुणी नव्हतं. तुळशीरामजी पोचले, ढोल खाली ठेवला गेला.

मी तुळशीरामजींना नमस्कार केला. ते काठीवर भार देऊन दम घेत उभे राहिले. काकूंच्या पाठीकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, “तिले वाटते मले समजत नाही.”

“सांगू का काकूंना?” मी विचारलं.

“नको ना बापा,” ते म्हणाले. “थांबन नाही मंग.”

जामसांवलीचा मारुती आडवा पहुडलेला आहे. पुढून काकूंचा आवाज आला, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा.

“या ना वो लवकर! थो उठून चालला जाईन!”

आणि त्या नारळवाल्यापुढं उभ्या राहून एकेक नारळ कानाशी हलवून पाहू लागल्या, सावकाश, ढिगातला शेवटचा नारळ येईपर्यंत.